रेडिओदोष, स्वनिर्मित विमानांतील

कारखान्यात तयार न होता हौशी व्यक्तीने स्वतःच्या घरी, गॅरेजात वा लहानशा कर्मशाळेत बांधलेल्या विमानास स्वनिर्मित विमान म्हणतात. अशा विमानातील रेडिओ संच बहुधा बाजारातून विकत घेतलेला व कारखान्यात कसून तपासलेला असतो. परंतु त्याचा आकाशक म्हणजे अँटेना, आकाशकापर्यंत जाणारी समाक्ष केबल, भूसंपर्क आणि एकूण विद्युत् मांडणी ही सर्व बांधणाऱ्याच्या हातची असतात. बोलणे पलीकडे पोहोचत नाही किंवा कानात नुसती खरखर ऐकू येते, असे झाले की संशय प्रथम संचावर घेतला जातो. संच दुरुस्तीला पाठविला जातो आणि बऱ्याच वेळा दोष नसल्याच्या शेऱ्यासह तो परत येतो. दोष संचाच्या बाहेर, विमानाच्या देहातच असतो आणि तो तेथे का असतो, याचे उत्तर विमानाच्या बांधणीचे साहित्य कसकसे बदलत गेले या इतिहासात सापडते.

या दोषांकडे केवळ गैरसोय म्हणून पाहता येत नाही. गजबजलेल्या विमानतळाजवळ उतरताना वैमानिकाचे बोलणे नियंत्रण मनोऱ्यास ऐकू आले नाही, तर मनोऱ्यावरून हिरवा वा लाल प्रकाशझोत दाखवून त्याला सूचना देण्याची सोय आहे. पण तो झोत वैमानिकाच्या नजरेस पडेलच असे नाही. आसपास उडणाऱ्या इतर विमानांना तर त्याचा ठावठिकाणा कळविण्याचे रेडिओ हेच मुख्य साधन होय.

विमानातून बिनतारी संदेश पाठविण्याचा पहिला यशस्वी प्रयोग २७ ऑगस्ट १९१० रोजी न्यूयॉर्कजवळील शीप्सहेड बे येथे झाला. कॅनडाचे वैमानिक जे. ए. डी. मॅकर्डी यांनी कर्टिस द्विपंखी विमानातून मॉर्स संकेत पाठविले. त्यानंतर चारच वर्षांनी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तोफांच्या माऱ्याचे निरीक्षण करणाऱ्या विमानांना ठिणगी-प्रेषक बसविण्यात आले. त्या काळच्या लांब तरंगांसाठी आकाशकही लांब लागे. ब्रिटिश विमानांत सु. ३५ मी. लांबीची तार रिळावर गुंडाळलेली असे व तिच्या टोकाला शिशाचे वजन अडकविलेले असे. विमान हवेत गेल्यावर ही तार खाली सोडावयाची आणि उतरण्यापूर्वी आठवणीने पुन्हा गुंडाळावयाची. वैमानिकास जमिनीवरून रेडिओवर उत्तर मिळत नसे; जमिनीवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या ठरावीक आकारात अंथरून त्याला उत्तर दिले जाई.

येथे एक अडचण उभी राहिली व ती पुढे साठ वर्षांनी वेगळ्या रूपात परत आली. आकाशक एकटा काम करीत नाही. त्यात प्रवाह खेळण्यासाठी दुसऱ्या बाजूलाही संवाहकाचा पुरेसा मोठा पसारा असावा लागतो. जमिनीवरील केंद्रात हे काम पृथ्वी करते. विमानात पृथ्वी नाही व तत्कालीन विमाने तर लाकूड आणि कापडाची होती. म्हणून एंजिन, पंखांना ताण देणाऱ्या तारा, नियंत्रणाच्या तारा असे विखुरलेले सर्व धातूचे भाग तांब्याच्या पट्ट्यांनी एकमेकांस जोडून त्यांची एक कृत्रिम ‘भू’ तयार करण्यात आली. जे भाग जोडावयाचे राहून जात त्यांच्यात ठिणग्या उडत व पेट्रोलच्या टाकीशेजारी त्या धोक्याच्या ठरत. विमानाच्या संदर्भात भूसंपर्क या शब्दाचा अर्थ तेव्हापासून विमानाच्या धातुभागाशी संपर्क असा झाला.

दुसरी अडचण एंजिनाची होती. मॅग्नेटो व ठिणगी गुडद्या यांची यंत्रणा म्हणजे वस्तुतः एक ठिणगी-प्रेषकच; एंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ती आपले संकेत आसपास फेकत असते. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत टपालाच्या व उतारूंच्या विमानांना मार्ग दाखविण्यासाठी रेडिओ दीपस्तंभ उभारले गेले आणि त्यांचे क्षीण संकेत या गोंगाटात बुडू लागले. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत हॅरी डायमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर काम केले. मॅग्नेटो, उच्च दाबाच्या तारा आणि गुडद्या या सर्वांना सलग धातूचे कवच घालून ते कवच एंजिनाशी पक्के जोडावे, हा उपाय त्यांनी तपशिलाने मांडला. यासंबंधीचा त्यांचा प्रबंध १९३० साली प्रसिद्ध झाला. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. कवचाला एके ठिकाणी जरी खंड पडला, तरी गोंगाट तेथून बाहेर पडतो. मॅग्नेटो बंद करण्यासाठी स्विचापर्यंत आणलेल्या तारेचे कवच तुटल्यामुळे होणारी टकटक आजही स्वनिर्मित विमानांत वारंवार आढळते.

रेडिओ संच चांगला असूनही केवळ आकाशक व कंप्रता यांचा मेळ न बसल्याने काय घडू शकते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेलिया एअरहार्ट यांचे होय. २ जुलै १९३७ रोजी न्यू गिनीतील ले येथून निघालेले त्यांचे विमान पॅसिफिक महासागरातील हाउलंड बेटाजवळ नाहीसे झाले. बेटापाशी थांबलेल्या ‘इटास्का’ या जहाजाला त्यांचा आवाज शेवटी अगदी स्पष्ट ऐकू येत होता. जहाजाने ७,५०० किलोहर्ट्झवर पाठविलेले संकेत आपणास मिळाले, परंतु त्यावरून दिशा निश्चित करता येत नाही, असे त्यांनी कळविले होते. इतकी उच्च कंप्रता त्यांच्या दिशाशोधक वेटोळ्याच्या आवाक्याबाहेरची होती, असे बहुतेक तज्ञ मानतात. हे विमान कारखान्यात बांधलेले होते, स्वनिर्मित नव्हते. पण संच चालतो म्हणजे यंत्रणा चालते असे नव्हे, हे या घटनेवरून जितके स्पष्ट होते तितके कशानेच होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांसाठी अत्युच्च कंप्रतेचे रेडिओ आले व युद्धानंतर नागरी विमानवाहतुकीनेही तेच स्वीकारले. वैमानिकांच्या संभाषणाचा आजचा पट्टा ११८ ते १३७ मेगॅहर्ट्झ आहे. त्याच्या मध्यावर म्हणजे १२७.५ मेगॅहर्ट्झला तरंगलांबी २.३५ मी. येते व तिचा चौथा हिस्सा ५९ सेंमी. भरतो. प्रत्यक्षात दांडा याहून किंचित आखूड, सु. ५६ सेंमी. ठेवावा लागतो. ३५ मी. लोंबत्या तारेच्या जागी हातभर लांबीचा दांडा आला. हा दांडा ज्या पत्र्यावर उभा केलेला असतो तो पत्रा आरशासारखे काम करतो व दांड्याचा उरलेला अर्धा भाग जणू त्याच्या प्रतिबिंबाने पुरा होतो. त्यासाठी दांड्याभोवती सर्व बाजूंना किमान दांड्याच्या लांबीइतका धातूचा पृष्ठभाग असणे इष्ट असते. तोपर्यंत बहुतेक विमाने ॲल्युमिनियमच्या पत्र्याची झालेली होती. त्यामुळे हा आरसा सर्वांना आयता मिळाला आणि त्याचे महत्त्व हळूहळू विस्मृतीत गेले.

संभाषणासाठी परमप्रसर विरूपणाची जुनी पद्धत मात्र कायम राहिली व ती आजही आहे. दोन वैमानिक एकाच वेळी बोलू लागल्यास या पद्धतीत शिटीसारखा आवाज येऊन गोंधळ झाल्याचे तरी कळते. कंप्रता विरूपणात प्रबळ संकेत दुर्बळ संकेतास पुरता गिळून टाकतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही निवड योग्यच होती. परंतु ठिणग्यांचा गोंगाटही परमप्रसराच्याच रूपाने येत असल्याने ग्राही त्याला अडवू शकत नाही. एंजिनाच्या खरखरीचा प्रश्न त्यामुळे कायमचा सुटला नाही.

हौशी विमानबांधणीची परंपरा रेडिओपेक्षा जुनी आहे. सांतोस-द्यूमाँ यांनी आपल्या ‘द्‌म्वाझेल’ विमानाचे आराखडे सर्वांसाठी खुले केले होते आणि १९३० नंतरच्या दशकात फ्रान्समधील आंरी मिन्ये यांच्या ‘पू-द्यू-सिएल’ या चिमुकल्या विमानाने यूरोपात अशा बांधणीचे वेडच पसरविले. या विमानांत रेडिओ नसे व त्याची गरजही भासत नसे. जानेवारी १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. या चळवळीच्या प्रसाराबरोबरच नियंत्रित विमानतळांची संख्याही वाढत होती व रेडिओ हा चैनीचा विषय राहिला नाही. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढविलेल्या विमानात बांधणारा आकाशकाखाली ॲल्युमिनियमचा पत्रा बसवी. लाकडी विमानात दांड्याच्या बुडापासून चारी दिशांना तांब्याच्या पट्ट्या पसरून काम भागवीत असत. महायुद्धकालीन ब्रिटिश तंत्रज्ञांची युक्ती बहुतेकांनी अशी नकळत नव्याने शोधून काढली.

खरा पेच बर्ट रुटान यांच्या ‘व्हॅरी-ईझी’ या विमानामुळे उत्पन्न झाला. १९७५ साली उडालेल्या या विमानाचे आराखडे पुढील वर्षापासून विक्रीस आले. फेनिल प्लॅस्टिकचा ठोकळा तापलेल्या तारेने कापून आकार द्यावयाचा व त्यावर एपॉक्सी रेझिनात भिजविलेले काचतंतूंचे कापड थरावर थर चढवावयाचे, अशी ही पद्धत होती. साचा नको, पत्रा ठोकणे नको, रिबिटे नकोत. हजारो हौशी लोक तिच्याकडे वळले. परंतु काचतंतूंचे हे कवच विद्युत् दृष्ट्या लाकडासारखेच होते. आरसा तर नाहीच, पण संचाच्या पेटीला जोडावयास सलग असा धातूचा सांगाडाही उरला नाही.

याच पदार्थाने एक सोयही दिली. काचतंतूंतून रेडिओ तरंग जवळजवळ बिनअडथळा पार जात असल्याने आकाशक कवचाच्या आतच दडविता येतो व त्यामुळे हवेचा रोध वाढत नाही. रुटान यांच्या विमानांसाठी जिम वेअर या अमेरिकन अभियंत्याने असे आकाशक तयार केले. तांब्याच्या चिकट पातळ पट्टीचे प्रत्येकी सु. ५० सेंमी. लांबीचे दोन हात समोरासमोर चिकटवून त्यांचा द्विध्रुव आकाशक करावयाचा. पट्टी रुंद असल्याने ती पट्ट्यातील बहुतेक सर्व कंप्रतांना चालते. द्विध्रुवाला आरशाची गरज नसते, कारण दुसरा अर्धा भाग त्याच्यापाशी असतोच. दूरध्वनीसारख्या संभाषणासाठी विमानवाहतुकीत उभ्या ध्रुवणाचे तरंग वापरतात, तेव्हा हा आकाशक पंखाच्या टोकाशी असलेल्या उभ्या पृष्ठात बसविण्यात आला. मार्गदर्शक केंद्रांचे तरंग आडव्या ध्रुवणाचे असल्याने त्यांचा आकाशक आडव्या पंखात गेला.

उरला प्रश्न केबलचा. द्विध्रुवाचे दोन्ही हात सारखे असतात. समाक्ष केबलच्या आतील तार व बाहेरील जाळी सारख्या नसतात. त्यामुळे प्रवाहाचा काही अंश जाळीच्या बाहेरील अंगावरून मागे वाहू लागतो व केबलच आकाशकाचा भाग बनते. ती वैमानिकाच्या शेजारून जात असल्याने तिचे प्रारण मायक्रोफोनच्या तारांत शिरते. बोलण्यासाठी बटण दाबताच कानात किंकाळी फुटते, इंधनमापकाचा काटा उडी मारतो आणि स्वयंचलित नियंत्रक जोडलेला असल्यास विमान एका बाजूस हिसका खाते. वेअर यांचा उपाय साधा होता : आकाशकाच्या मुळाशी केबलवर फेराइटच्या दोन-तीन कड्या ओवाव्यात. या कड्या जाळीच्या बाहेरील प्रवाहाला मोठा रोध करतात व आतील संकेतास स्पर्शही करीत नाहीत. या कड्या चढविण्याचे ज्यांनी टाळले किंवा त्या चुकीच्या टोकाला म्हणजे संचापाशी चढविल्या, त्यांच्या तक्रारी पुढे वर्षानुवर्षे ऐकू येत राहिल्या. कवच एकदा बंद झाल्यावर आतील जोड दुरुस्त करावयाचा तर पंखच कापावा लागतो, म्हणून डाख दिलेला प्रत्येक जोड कापडाचा थर चढविण्यापूर्वीच तपासावा असा दंडक पडला.

काचतंतूंच्या जागी कार्बन तंतू आले तेव्हा परिस्थिती पुन्हा उलटली. १९८६ साली डिक रुटान व जीना येगर यांनी न थांबता व इंधन न भरता ज्या ‘व्हॉयेजर’ विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ते मुख्यत्वे कार्बन तंतूंचे होते. कार्बन विद्युत् वाहक आहे : आकाशक आत दडविला तर तरंग कोंडले जावेत इतका, पण धातूसारखा उत्तम आरसा व्हावे इतका नव्हे. वरून काळजीपूर्वक रंगविलेले पंख पाहून त्याखाली काच आहे की कार्बन, हे ओळखता येत नाही. ॲल्युमिनियमचा भुगा घातलेला चमकदार रंगसुद्धा आतील आकाशकाला काही प्रमाणात झाकतो. विमान रंगवून आणल्यावर रेडिओ ‘बिघडला’, तर हे कारण आधी पडताळावे.

दोषाचा शोध घेण्याची रीत या सर्व अनुभवातून घडत गेली. पहिला प्रश्न असा विचारावयाचा : बोलणे व ऐकणे दोन्ही क्षीण आहेत की एकच? आकाशक व केबल दोहोंना समाईक असतात. दोन्ही बिघडले असल्यास दोष बहुधा त्यांच्यात असतो, एकच बिघडले असल्यास संचात, मायक्रोफोनात वा त्यांच्या तारांत. १,००० मी. उंचीवरील विमानाचे रेडिओ क्षितिज सु. १३० किमी. दूर असते व पाचसात वॉटच्या संचाला ते अंतर जड नाही. त्याचा आवाज १५ किमी. पलीकडे जात नसेल, तर अधिक शक्तीचा संच घेऊन पैसे घालविण्यात अर्थ नसतो. फक्त एकाच दिशेस आवाज क्षीण होत असेल, तर विमान सावकाश वळवीत मनोऱ्याशी बोलत राहावे; चाकाचा पाय किंवा एंजिन आकाशकाच्या आड येत असल्यास ती दिशा लगेच सापडते.

यानंतर खरखर. एंजिन बंद असताना ती ऐकू येत असेल, तर दिवे व इतर उपकरणे एकेक करून बंद करीत जावे. एंजिन चालू असतानाच येत असेल, तर जमिनीवर दोन मॅग्नेटो आळीपाळीने बंद करून पाहावे. एंजिनाच्या गतीबरोबर सूर चढणारी शीळ ही मॅग्नेटोची नसून विद्युत् जनित्राची असते आणि ती पुष्कळदा आकाशकातून येतच नाही. आकाशकाची केबल संचापासून काढली तरी ती चालूच राहते. अशा वेळी दोष भूसंपर्कात शोधावा. कर्णध्वनीच्या खोबणीचे धातूचे अंग जवळच्या पत्र्याला टेकलेले असते व संचाकडेही जोडलेले असते. या दोन वाटांनी जनित्राच्या प्रवाहाचा अंश फिरतो व तोच कानात गातो. खोबणीखाली निरोधक चकत्या घालताच शीळ थांबते. अमेरिकेतील विचिटा येथील अभियंते रॉबर्ट नकल्स यांनी हौशी बांधणाऱ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथातून सर्व उपकरणांचे भूसंपर्क एकाच ठिकाणी आणावेत, हा नियम घरोघर पोहोचविला.

आकाशकाच्या मापनाविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. केबलमधून परत येणाऱ्या शक्तीचे मापन करणारा स्थिर तरंग मापक सर्वत्र वापरला जातो. त्यावरील गुणोत्तर ३ आल्यास एक चतुर्थांश शक्ती आकाशकाकडून परावर्तित होते, हे खरे. परंतु गुणोत्तर १ च्या जवळ आले म्हणजे आकाशक उत्तम, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. पाणी शिरून खराब झालेली केबल जाणारी व येणारी शक्ती शोषून घेते आणि मापक समाधानकारक आकडा दाखवितो. ५० ओहमचा एक साधा रोधकही मापकावर आदर्श ठरेल, पण त्यातून एक शब्दही बाहेर जाणार नाही. म्हणून केबलच्या दूरच्या टोकाला असा रोधक जोडून मापकाने शक्ती दोन्ही टोकांना मोजावी व केबल तपासून झाल्यावरच आकाशकाकडे वळावे. धातूच्या विमानात आकाशकाचे बूड रंगावर न टेकता उघड्या पत्र्यावर टेकले आहे ना, तेथे गंज धरला नाही ना, हेही पाहावे लागते. नवीन विमान दोन-चार वर्षे चांगले चालून नंतर हळूहळू ‘मुके’ होत गेल्यास कारण बहुधा या गंजातच असते.

उपग्रहांवर आधारलेली मार्गदर्शक यंत्रणा आल्यावर एक चमत्कारिक दोष उघडकीस आला. १२१.१७५ वा त्याजवळच्या एखाद्या कंप्रतेवर वैमानिक बोलू लागला की उपग्रहाचा ग्राही आंधळा होई. उपग्रहांचे संकेत १,५७५.४२ मेगॅहर्ट्झवर येतात, १२१.१७५ ची तेरापट व १३१.२७५ ची बारापट या आकड्याच्या अगदी निकट जाते. काही विमानांत दोष संभाषणाच्या संचाचाही नव्हता. अपघातप्रसंगी आपोआप हाक देणारा जो प्रेषक विमानात बसविलेला असतो, त्याचा आकाशक शेजारच्या संभाषणाचे तरंग पकडी. ते त्या बंद प्रेषकाच्या अंतिम टप्प्यात जाऊन विकृत होत व त्यांच्या अनेकपट कंप्रता त्याच आकाशकातून बाहेर पडत. बंद असलेले यंत्र व्यत्यय आणते, यावर प्रथम कोणी विश्वास ठेवीना. त्या प्रेषकाची केबल काढून पाहिल्यावर ग्राही पूर्ववत चालू लागे. अशा ठिकाणी त्याच्या केबलमध्ये गाळणी बसवितात किंवा दोन्ही आकाशकांतील अंतर वाढवितात. अलीकडच्या काळात पंखाच्या टोकांवरील प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ दिव्यांचे शक्तिपरिवर्तक आणि भ्रमणध्वनी भारित करण्यासाठी बसविलेल्या लहान खोबण्या यांची खरखरीच्या कारणांत भर पडली आहे. २०१० नंतर आकाशकाचे कंप्रतेनुसार वर्तन आलेखरूपाने दाखविणारी हातात मावणारी स्वस्त उपकरणे मिळू लागल्यामुळे, काचतंतूंचा शेवटचा थर चढविण्यापूर्वी आतील पट्टी पारखून घेणे सामान्य बांधणाऱ्यालाही शक्य झाले आहे.